खाजणाकाठी नव्याचा सण

आमच्या घरी कोंबड्यांनी माणसांना उठवायचं अशी पद्धत नव्हती. फ्लोरा आत्या कोंबड्यांना उठवायची. मागचं दार कुरकुरलं की पाठोपाठ तिचा आवाज, "उठा गं बायांनो, सूर्य डोक्यावर आला," आणि साउथहॅम्प्टनमध्ये सूर्य किती वेळा डोक्यावर येतो हे ज्याला माहीत आहे त्यानं त्यातली गंमत आपली आपण समजून घ्यावी. कोंबड्या चार होत्या: शेवंता, मेरी, टिकली आणि कौन्सिल. चौथीचं नाव इथल्या नगरपालिकेवरून कौन्सिल, कारण ती दिवसभर ओरडायची आणि तिच्या हातून काही व्हायचं नाही. कुठल्याशा पिंजऱ्यांच्या फार्मनं निकामी म्हणून काढून टाकलेल्या या चौघी घरी आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर धड पिसं नव्हती. आत्यानं त्यांना मांडीवर घेऊन भात भरवला. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालणं या देशात कायद्यानं मना आहे, हे मी तिला तेव्हाच सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग कायद्याला सांग, हा उरलेला नाही, त्यांच्यासाठी वेगळा रांधलाय." त्यांची अंडी ती एकेक करून आधी काचेच्या पेल्यात फोडायची, खिडकीकडे धरून रक्ताचा ठिपका नाही ना बघायची आणि मगच भांड्यात ओतायची. ठिपका दिसला तर अख्खं अंडं टाकायचं, आमच्याकडे रक्त चालत नाही. पेल्यावर अंड्याचा तो टक् असा आवाज म्हणजे माझ्यासाठी अजूनही शाळेला उशीर झाल्याचा आवाज आहे.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे घरात मराठी बोलणारे, कोकणातल्या गावांची आडनावं लावणारे ज्यू. इथल्या लोकांना हे समजावताना माझं अर्धं लहानपण गेलं. भारतीय म्हणायचे, तुम्ही ज्यू कसे? ज्यू म्हणायचे, तुम्ही भारतीय कसे? बाबा बंदरात कंटेनरांच्या रचनेचं काम बघतात, आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, आणि बाबांची थोरली बहीण फ्लोरा आत्या, नवरा गेल्यावर मुंबईहून आमच्याकडे आली ती कायमची. मला मराठी लिहायला तिनं शिकवलं. बाविसाव्या वर्षी आठवणी लिहायला बसले म्हणून बाबा हसतात, म्हणतात, आधी काही घडू तरी दे. पण घडलेलं आहे, आणि आत्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे, म्हणून हे मराठीत आणि आत्ताच लिहिते. म्हातारपणी लिहिलं तर मी स्वतःला नक्की माफ करून टाकीन.

आमच्या घरापासून पंधरा मिनिटं चाललं की पाणी. पलीकडच्या काठाला रिफायनरीच्या चिमण्या, वरच्या अंगाला बंदराच्या क्रेन, मधून हॉटेलाएवढ्या क्रूझ बोटी जातात, आणि या सगळ्याच्या पायाशी भरती-ओहोटीचा चिखल. येणारे-जाणारे त्याला घाण म्हणतात. आत्या पहिल्यांदा आली तेव्हा वारा नाकात घेऊन म्हणाली, "अगं, हे तर आपलं खाजण!" तिच्या माहेरगावी असंच खारं पाणी शेताच्या बांधापर्यंत यायचं. मला शाळेनं जे शिकवलं नाही ते त्या खाजणानं शिकवलं. चमचाभर चिखलात किती जीव असतात, ते खायला लांब चोचीचे कुरल आणि लाल पायांचे तुतवार किती लांबून येतात, आणि सप्टेंबर सरता सरता सैबेरियाच्या टोकाहून ब्रेंट हंस कसे उतरतात. काळं डोकं, गळ्याला जरासा पांढरा पट्टा, बदकाहून थोडे मोठे. आईबाप आणि त्या वर्षीची पोरं अशी कुटुंबंच्या कुटुंबं एकत्र येतात, चिखलातलं समुद्रगवत खात हिवाळा काढतात, आणि दिवसभर घशातल्या घशात एकमेकांशी बोलत असतात. लग्नघरात मागच्या खोलीत बायका बोलत असाव्यात तसा तो आवाज. ते उतरले की मला आपली माणसं आल्यासारखं वाटायचं, आणि त्यांच्या वाटेत जे जे येतं, म्हणजे मोकळी सोडलेली कुत्री, जेट-स्की, काठावर बांधलेले फ्लॅट, त्या प्रत्येकाशी माझं भांडण असायचं. समुद्र वर येतोय आणि मागे आपण भिंती घालून ठेवल्यात, मधल्या मधे हे खाजण चेपत चाललंय. यावर मी आजही दोन तास न थांबता बोलू शकते. तेव्हा चार तास बोलायची.

त्या वर्षी हंसांच्या आधी मरण आलं. उन्हाळ्यापासूनच किनाऱ्यावर मेलेले सीगल दिसत होते, मग मान वाकडी करून गोल गोल फिरणारे जिवंत सीगल दिसायला लागले, ते बघणं मेलेल्यांपेक्षा वाईट. बर्ड फ्लू. मी सतरा वर्षांची होते, रविवारी सकाळी पक्षी मोजणाऱ्या गटात जायची आणि मेलेले दिसले की हात न लावता फोटो काढून सरकारी नंबरावर कळवायची. आणि पत्रकं. पत्रक लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. वर एक प्रश्न, खाली तीन मुद्दे, शेवटी हुकूम. 'तुम्ही खुनी आहात का?' हे माझ्या त्या वर्षीच्या पत्रकाचं पहिलं वाक्य, आणि मुद्दे असे: पक्ष्यांना ब्रेड घालू नका, घोळका जमतो आणि रोग पसरतो. मेलेल्या पक्ष्याला शिवू नका, कळवा. घरी कोंबड्या असतील तर किनाऱ्यावरचे बूट त्यांच्याजवळ नेऊ नका. आत्याच्या खुराड्यासमोर मीच निळा टब ठेवला, त्यात जंतुनाशक, शेजारी आत जायचे वेगळे बूट. आत्या रोज इमानदारीनं बूट बदलायची आणि म्हणायची, "देवळात चप्पल काढतात तसं चाललंय. काय गं कौन्सिल, देवी झालीस?"

आमचं वर्ष शरदात सुरू होतं. त्याला आम्ही नव्याचा सण म्हणतो, आणि त्यानंतर दहाव्या दिवशी दारफाळणीचा, म्हणजे दार लावून, उपास करून, देवासमोर हिशोब देण्याचा. नव्याच्या सणाच्या आदल्या दिवशी आमचं घर म्हणजे कारखाना. रविवार होता. आत्या सकाळपासून चिकाच्या हलव्याला उभी होती. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, आणि तीन तास हात थांबवायचा नाही, थांबवला की गुठळी. आई आंबटतिखटासाठी मासे साफ करत होती, बाबा डाळिंबं सोलत होते आणि सोललेल्यातली निम्मी खात होते. मी पहाटेच किनाऱ्यावर गेले होते. पहिले ब्रेंट आले होते, दीडशेच्या वर, आणि भरतीच्या रेषेवर त्यांतलाच एक मरून पडला होता. मला आठवतं की मला रडू आलं नाही, संताप आला, आणि त्या संतापात मी तरातरा घरी आले. पुढचं दार ढकलणार तोच आतून आत्या ओरडली, "थांब! पुसलंय! चिखलाचे पाय घेऊन आत आलीस तर बघ. मागनं ये." आमच्या घरी सणाची फरशी पुसली की ती वाळेपर्यंत प्रत्यक्ष एलियाहू पैगंबर आले तरी त्यांना मागनं यावं लागलं असतं. मागनं म्हणजे गल्लीतलं फाटक, आणि गल्लीतल्या फाटकातून घरात यायची वाट खुराड्याच्या अंगणातून. टब आतल्या, घराकडच्या बाजूला. बाहेरच्या फाटकानं कुणी येईल हे टब ठेवणाऱ्या शहाणीच्या डोक्यात आलं नव्हतं. मी दहा पावलांत अंगण ओलांडलं. शेवंता सवयीनं बुटांशी आली, तिनं चिखलातलं काहीतरी टोचलं. मी तिला पायानं बाजूला सारलं आणि आत जाऊन सगळ्यांना मेलेल्या हंसाबद्दल सांगायला लागले. माझं बोलणं कुणी ऐकत नाही याचाच मला राग होता.

दुसऱ्या दिवशी, सणाच्या दुपारी, आम्ही पाण्यावर गेलो. ही आमची रीत. वाहत्या पाण्यापाशी उभं राहून प्रार्थना म्हणायची, वर्षभराची पापं पाण्यात टाकायची. मुंबईत आत्याची माणसं धक्क्यावर जायची, इथे आम्ही खाजणावर. आम्ही चौघं, स्टॅनमोरहून राहायला आलेले सॅमकाका आणि त्यांची मंडळी, गावातली आणखी दोन घरं. पुस्तकात लिहिलंय त्याप्रमाणे प्रार्थना म्हटली की झालं, पण सगळे खिशात ब्रेडचे तुकडे आणतात. टाकायला हाताला काहीतरी लागतं. मी महिनाभर आधी सगळ्यांना सांगितलं होतं, या वर्षी ब्रेड नको. सगळे बरं म्हणाले होते. सॅमकाकांची प्रार्थना संपली, आणि फ्लोरा आत्यानं कोटाच्या खिशातून मूठ काढली. पांढरे तुकडे पाण्यावर पडले, आणि क्रेनकडून सीगलचा अख्खा घोळका ओरडत आला.

मी तिचा हात धरला. हात धरला म्हणजे मनगट पकडलं, सगळ्यांसमोर. "आत्या, काय सांगितलं होतं मी?"

"एक चिमूट गं. रीत म्हणून."

"रीत? तुझी पापं तू पक्ष्यांना खायला घालतेस! काल तिथे हंस मेला, तीन हजार मैल उडून आला आणि तुमच्यासारख्या लोकांमुळे मेला!"

"रूथ," बाबा म्हणाले.

"नाही बाबा. सगळ्यांना वाचता येतं, पत्रक सगळ्यांना दिलंय. वर्षातून एकदा इथे यायचं, चांगलं असल्याचं नाटक करायचं, आणि जाताना रोग पसरवून जायचा."

सॅमकाकांनी घसा साफ केला. "बेटा, आपला वकील होण्याचा विचार आहे की न्यायाधीश?"

कुणीतरी हसलं. आत्या हसली नाही. तिनं माझी बोटं आपल्या मनगटावरून एकेक सोडवली, कोटाचे दोन्ही खिसे बाहेर उलटे केले, उरलेले कण कागदात गोळा केले आणि कागद पर्समध्ये ठेवला. मुद्दा माझा बरोबर होता, आजही बरोबर आहे, घोळक्यात पक्ष्यांना खायला घालू नये. फक्त मी ज्या तोंडानं तो सांगितला त्या तोंडात तेव्हा हलवा होता, तिनं तीन तास उभं राहून केलेला. वाटेत खायला म्हणून तिनंच माझ्या हातावर ठेवला होता.

पाचव्या दिवशी आत्यानं हाका मारल्या आणि मेरी उठली नाही. पंख सोडून बसली होती, तुरा जांभळा पडलेला. दुपारपर्यंत टिकलीची मान एका बाजूला गेली. मी खिडकीतून बघितलं आणि ओळखलं, कारण तशी मान मी किनाऱ्यावर रोज बघत होते. नंबर मला पाठ होता. फोन मीच केला, माझा आवाज अगदी पत्रकासारखा स्वच्छ येत होता. संध्याकाळी दोघी मेल्या. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सूटमधली माणसं आली, नमुने घेऊन गेली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारी व्हेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टर, आल्या. पस्तिशीची बाई, डोळ्यांखाली काळं, किती दिवसांत झोपली नसेल कोण जाणे. त्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसल्या, आत्या दारात. बर्ड फ्लूच होता. उरलेल्या दोघींना मारावं लागेल, हे त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं. मग वही उघडली. नवीन कोंबड्या आणल्या होत्या का? नाही. खाणं कुठून येतं? पेंढा कुठून? पेंढा शेजारच्या रॉजरनं दिला होता, त्याच्या मुलीच्या शेतावरचा. त्यांनी ते लिहून घेतलं. आणि मग विचारलं, घरातलं कुणी किनाऱ्यावर जातं का? जाऊन आल्यावर या अंगणात आलंय का?

मी आत्याच्या मागे दोन हात अंतरावर उभी होते. आत्यानं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"ओन्ली मी, डॉक्टर," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "अंगणात फक्त मी जाते. आणि मी बूट बदलते. ही मुलगी कोंबड्यांजवळ येत नाही, तिला घाण वाटते."

व्हेटनी माझ्याकडे बघितलं. एका वाक्याची जागा होती. 'कळवा, लपवू नका' असं लिहिलेलं माझंच पत्रक स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चुंबकानं लावलेलं होतं. मी काही बोलले नाही. त्यांनी वहीत रेघ मारली आणि पान उलटलं. मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे, सभांमध्ये, मोर्च्यांत, मेगाफोनवर, पण माझ्याबद्दल कुणाला खरं काही जाणून घ्यायचं असेल तर मी त्या वेळचं माझं गप्प राहणं सांगते.

शेवंता आणि कौन्सिल सोमवारी गेल्या. आत्यानं विचारलं, त्या वेळी मी त्यांना धरू का? व्हेट आणि त्यांची माणसं नाही म्हणाली, धरता येणार नाही. मग ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. कौन्सिलनं शेवटपर्यंत आरडाओरडा केला, आणि मग कुणी रेडिओ बंद करावा तसं अंगण गप्प झालं. माणसं चांगली होती. एकानं जाताना खिडकीकडे बघून मान लववली. आम्हाला चौघांना अँटीव्हायरल गोळ्या दिल्या, आणि रोज एक फोन यायचा, ताप आहे का, डोळे लाल आहेत का. आईनं आम्हाला लॅबच्या नमुन्यांसारखं तीन वेळा तपासलं. फाटकावर पिवळी पाटी लागली, आत येऊ नये. बाबा ती पाटी बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "दारफाळणी या वर्षी सरकारनं दोन दिवस आधीच केली."

त्या दिवशी संध्याकाळी मी आत्याकडे गेले. दारफाळणीच्या आधी ज्याला दुखावलं असेल त्याच्याकडे जाऊन माफी मागायची असते. देवाचे अपराध देव माफ करतो, माणसाचे नाही. त्या माणसानं नकार दिला तर पुन्हा जायचं, तीनदापर्यंत. आत्या रिकाम्या पेल्याशी बसली होती. मी म्हटलं, "आत्या, माफ कर." ती म्हणाली, "आत्ता नको, बाय," आणि उठून पेला धुवायला गेली. धुतलेलाच होता तो.

मंगळवारी दुपारी कुंपणाच्या पलीकडून रॉजर बोलला. तो निवृत्त बस-ड्रायव्हर, सत्तरीचा, आत्याचा या रस्त्यावरचा एकुलता एक दोस्त. ती त्याला अंडी द्यायची, तो तिला टोमॅटो आणि पेंढा. त्याच्याकडे सरकारी चौकशी झाली होती. मुलीच्या शेतावरही जाणार होते, तिची बदकं होती, नमुने घेणार होते, निकाल येईपर्यंत काही विकायचं नाही, हलवायचं नाही. "फ्लोराला सांग," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा मातीचा झाला होता. "मला माहीत असतं तर मी तो पेंढा दिला नसता. तिच्या त्या पोरी माझ्यामुळे गेल्या."

मी आत आले. आत्या उपासाआधीच्या जेवणाचे तांदूळ धूत होती.

"आत्या, मी डॉक्टरांना फोन करते. एक, रॉजरचा काही दोष नाही. दोन, रोगाचा माग लागायचा तर खरी माहिती लागते. तीन, मी त्या रविवारी किनाऱ्यावरच्या बुटांनी अंगणातून आले आणि शेवंतानं माझ्या बुटाला चोच मारली, आणि त्या पाण्यावर मी तुला जे बोलले त्याबद्दल मी तुझी जाहीर…"

"तू माफी मागतेस की पत्रक वाचतेस?"

मी हातातला फोन खाली ठेवला.

"मला माहीत नाही का तू कुठून आलीस?" ती तांदळाचं पाणी ओतत म्हणाली. "मीच म्हटलं मागनं ये. त्या बाईनं विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच आलं. म्हटलं, पोरीचं कॉलेज व्हायचंय, ही पक्ष्यांचंच काम करणार, हिच्या नावापुढे हे कशाला? आणि माझ्या नावापुढे तरी कशाला? म्हणून बोलले. तुझ्यासाठी म्हणून बोलले आणि माझीही कातडी वाचवली. आता रॉजर रडतोय."

"म्हणून मी फोन करते."

"तू नाही. तू गप्प बसलीस, खोटं मी बोलले. आण ते कार्ड."

व्हेटचं कार्ड फ्रिजवर होतं. दुपार कलली होती; सव्वासहाच्या आत जेवण आटोपून उपास धरायचा होता. आत्यानं भात गॅसवर चढवला, ओले हात पदराला पुसले, फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा करायला लावला, आणि खुर्चीत ताठ बसली, पासपोर्टच्या फोटोला बसतात तशी. तिचं इंग्रजी मी इथे मराठीत करून देते, पण त्यातला ताठपणा तसाच समजा.

"डॉक्टर, मी फ्लोरा. चार कोंबड्या. मी तुमच्याशी खोटं बोलले." आणि तिनं सगळं सांगितलं, फाटक, पुसलेली फरशी, बूट, मी. मधे एकदा म्हणाली, "रॉजरला आजच सांगा, आजच, प्लीज. तो जेवलेला नाही." पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. व्हेट म्हणाल्या, खरं सांगितलंत हे बरं झालं. यामुळेच आला असेल असं मी म्हणू शकत नाही, एखाद्या सीगलची शीट पडूनही येतो, नक्की कधीच कळणार नाही. पण नोंद दुरुस्त करते, आणि रॉजरला मी स्वतः फोन करते. आणखी काही?

"हो," आत्या म्हणाली. "तुम्ही मला माफ केलं पाहिजे."

टाइपिंग थांबलं. "मिसेस… फ्लोरा, ते खरं तर माझ्या कामात…"

"कामाचं नाही. आमचा उपास सुरू व्हायचाय. त्याआधी विचारावं लागतं. तुम्ही नाही म्हणालात तर मला आणखी दोनदा विचारावं लागेल, आणि डॉक्टर, सूर्य चाललाय, भात होत आलाय. पहिल्यांदाच सांगून टाकलंत तर बरं."

पलीकडे दार लावल्याचं ऐकू आलं. मग पलीकडून वेगळाच आवाज आला, कार्डावरच्या नावाचा नव्हे, झोप न झालेल्या एका बाईचा. "हो, फ्लोरा. केलं माफ."

"थँक यू. आणि तुम्ही? तुम्हाला माझ्याकडे काही मागायचंय?"

मी आत्याकडे बघितलं. तिची नजर फोनवर होती.

"मला…" व्हेट म्हणाल्या. "या महिन्यात मी हे फार घरांमध्ये केलंय. तुम्ही खिडकीत उभ्या होतात. तुम्हाला धरू द्यायला हवं होतं असं मला सारखं वाटतं. देता आलं नसतं, पण वाटतं. सॉरी, फ्लोरा."

"दिलं," आत्या म्हणाली. "पहिल्यांदाच दिलं. आता घरी जा आणि झोपा."

फोन बंद झाला. स्वयंपाकघरात भाताची वाफ होती आणि आई दारात उभी राहून डोळे पुसत होती. ती रडतेय की लाल डोळ्यांची नोंद करायची, असं बाबांनी विचारलं आणि तिनं त्यांच्या दंडावर चापट मारली. आत्यानं चार ताटं मांडली. माझ्या ताटाशी आली तेव्हा मी म्हटलं, "आत्या." पुढे एक, दोन, तीन काही सुचेना. मी तशीच उभी राहिले, हात लोंबकळत, आणि मला रडू आलं. मेलेल्या हंसापाशी आलं नव्हतं ते.

आत्यानं डावभर भात माझ्या ताटात घातला, त्यावर आंबटतिखटाचा रस्सा, आणि माशाचा तुकडा चिवडून काटा आहे का बघितला, मी पाच वर्षांची असताना बघायची तसा.

"हं," ती म्हणाली. "ही माफी. बस आता, जेव."